रंगपेटीतली घरं

गेल्या वर्षी या सदरात हॅम्बुर्गच्या लाल विटा होत्या. यंदा रंग.

मे महिन्यात आई सांगलीहून आली होती. बर्लिनमधलं सगळं 'बघण्यासारखं' बघून झाल्यावर म्हणाली, "आता तू फोटो काढायला जातेस तिथं ने." मग एस-बानने ग्र्युनाउला उतरलो आणि चालत फाल्केनबर्गच्या वसाहतीत गेलो.

ब्रुनो टाउट या वास्तुविशारदाने १९१३ ते १९१६ या काळात बांधलेली ही घरं. ठेंगणी, साधी, एकमेकांना लागून. पण एक गेरूसारखं तांबडं, दुसरं पिवळं, तिसरं गडद निळं. दारं-खिडक्यांचे रंग आणखी वेगळे. लोकांनी वसाहतीला नाव ठेवलं 'टुशकास्टन', म्हणजे रंगपेटी. बेत होता सुमारे दीड हजार घरांचा. महायुद्ध आलं आणि सव्वाशेच्या आसपासच झाली. २००८ पासून बर्लिनमधल्या आणखी पाच वसाहतींसह ती जागतिक वारसा यादीत आहे.

रंग ही इथली श्रीमंती नव्हती. घरं सहकारी संस्थेची, बेताच्या कमाईच्या लोकांसाठी. नक्षीकाम परवडत नव्हतं, रंग परवडत होता. आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. "तुझे आजोबा दिवाळीआधी चुन्यात नीळ कालवायचे, तसंच की," ती म्हणाली.

मी एका निळ्या घरासमोर कॅमेरा काढला. दारात एक आजी कुंड्यांना पाणी घालत होत्या. जर्मनीत सार्वजनिक रस्त्यावरून इमारतीच्या दर्शनी भागाचा फोटो काढायला कायद्याची आडकाठी नाही, हे मी आईला सांगितलं. "कायदा असू दे. दुसऱ्याच्या दारात उभी आहेस, आधी विचार." विचारलं. आजी हसल्या, झारी उचलून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "घराचा काढा, माझा नको."

रात्री फोटो बघता बघता आईने विचारलं, "आपल्या सांगलीच्या घराचा आहे का गं एखादा?"

घर विकून बारा वर्षं झाली. तिथे आता अपार्टमेंट आहे. आम्ही दोघींनी सगळे अल्बम पालथे घातले. वाढदिवस, मुंजी, डोहाळजेवणं, सगळ्यांत माणसंच. घर फक्त त्यांच्या मागे उरलेलं. चकल्या पाडणाऱ्या आजीच्या खांद्यामागे वीतभर निळी भिंत सापडली. आई तिच्यावर बराच वेळ बोट ठेवून बसली. परक्यांच्या घरांचे माझ्याकडे हजारो फोटो आहेत. आमच्या घराचा तेवढाच.

म्हणून या वेळी एवढंच सांगते. डिसेंबरात गावी जाल तेव्हा घराचा फोटो काढा. सकाळी लवकर, ऊन भिंतीवर चढायच्या आत. कडक उन्हात रंग फिके पडतात. रस्त्याच्या पलीकडे अगदी समोर उभे राहा, कॅमेरा वर वाकडा करू नका, नाहीतर भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात. मग दार, कोनाडा, तुळशीवृंदावन जवळून घ्या. माणसांना पाच मिनिटं बाजूला व्हायला सांगा. रागावतील, पण होतील.

आणि मागे फोटो कुठला, कधीचा, ते लिहून ठेवा.

शुभ दीपावली!