दंडाने धूर थांबेल?
कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला, तरी जुनी मोटार धावत राहते. घातक वायूंवरची प्रक्रिया तेवढी थांबते. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्याने तो बदलणे भाड्याची गाडी चालवणाऱ्याला झेपत नाही. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १,००० वरून १०,००० रुपयांपर्यंत नेला. हा धूर प्रथम हातगाडीवाल्याच्याच छातीत जातो, तेव्हा सूट मागण्याचा प्रश्नच नाही. परंतु दुरुस्तीचा पैसा दंडात गेला, तर गाडी तशीच रस्त्यावर येणार. शिवाय पेट्रोल गाडीतील नायट्रोजनची ऑक्साइडे ‘पीयूसी’त मोजलीच जात नाहीत! दंडाच्या वसुलीतून दुरुस्तीसाठी बिनव्याजी कर्ज द्यावे, ही मागणी चालक संघटनांनी आता परिवहन खात्यापुढे मांडावी.