छावणीच्या पगारापायी

मागील महिन्यात आमच्या नेकनूरच्या घरी अकोल्याकडील पाहुणे सोयरिकीच्या बोलणीस आले होते. मुलाची व मुलीची विद्या उभयपक्षी पसंत पडली, तथापि पाहुणे गेल्यावर आमच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "भावोजी, सर्व उत्तम, पण वऱ्हाड म्हणजे परमुलूखच!"

भाषा एक, सणवार तेच, कुळाचारही बहुतेक सारखेच. मग हे परकेपण आले कोठून? आमच्या गावावरून केजमार्गे जो रस्ता अंबाजोगाईस जातो, त्या रस्त्याच्या टोकाशी याचे उत्तर आहे, असे म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल.

मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधींनी पावन झालेले हे क्षेत्र निजामी अमदानीत मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई, आणि तेथे रिसाल्याची छावणी होती. अशाच छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली, अचलपूर, बोलारम येथेही होत्या. या फौजेस हैदराबाद कंटिंजंट म्हणत. नावाने ती निजामाची. परंतु वरिष्ठ अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा, आणि पगार तेवढा निजामाने द्यावयाचा, अशी तिची विचित्र घडण होती.

१८०० सालच्या तहान्वये निजामाने युद्धप्रसंगी ६,००० पायदळ व ९,००० घोडेस्वार मदतीस पाठवावयाचे होते. शांततेच्या काळी इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली कायमची फौज पोसावी, असे काही त्यात नव्हते. ती उभी राहिली हेन्री रसेल हा रेसिडेंट असताना. पुढे पगार थकू लागले. हैदराबादच्या पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने रकमा उचलल्या गेल्या. ती पेढीही बुडाली. पगार थकावयाचे राहिले नाहीत. मग कंपनी सरकार पगार भागवी आणि रक्कम निजामाच्या नावे मांडी. १८५३ पर्यंत हा आकडा ४० लाखांच्या वर गेला!

त्या वर्षी मे महिन्यात तह झाला, आणि फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिवकडील मुलूख व रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली झाले. १८६० साली बाकीचे परत मिळाले. वऱ्हाड राहिले ते राहिलेच. दिवाण सालारजंग यांनी ते सोडविण्याची पराकाष्ठा केली, १८७६ साली ते विलायतेसही जाऊन आले; यश आले नाही. अखेर १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपये खंडाने वऱ्हाडाचा कायमचा पट्टा इंग्रजांस मिळाला. आणि मौज पाहा, पुढच्याच वर्षी, १९०३ साली, ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात सामील होऊन मोमिनाबादची छावणी उठली. जिच्यासाठी मुलूख गेला ती फौज गेली. मुलूख काही परत आला नाही!

कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगताना कोश आधी आणि दंड मागून मांडला आहे. आमच्या समजुतीप्रमाणे हा क्रम सहज आलेला नव्हे. ज्याचा पगार आपल्या तिजोरीतून भागत नाही, तो पहारेकरी आपला राहत नाही. मग त्याच्या हाती तलवार आपण दिलेली का असेना. एकत्र कुटुंबातही दाराशी थाट ठेवण्यासाठी काढलेले कर्ज शेवटी पाठीमागचे शेत घेऊन जाते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

मराठवाडा व वऱ्हाड पुन्हा एका राज्यात आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी, द्वैभाषिक मुंबई राज्यात. म्हणजे त्या तहानंतर १०३ वर्षांनी. एवढ्या काळात घरोघरी जी परकेपणाची भाषा रुजली, ती राज्ये जुळली म्हणून एका दिवसात कशी जावी?

हे सर्व आम्ही वहिनींस सांगितले. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे गहाण पडलेले आपलेच शेत की ते, भावोजी!"

पुढील बैठक अकोल्यास व्हावयाची आहे. वहिनी बरोबर येणार आहेत.