काटकसरीचे मास्तर

पुण्यातल्या एका हॉटेलात, ‘सामाजिक दायित्व’ अशा भारदस्त नावाच्या परिसंवादात, पडद्यावर एक पत्र्याची पेटी झळकली. पेटीला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन बायकांकडे, पेटी चौथीच्या घरी. वक्ते म्हणाले, ‘‘आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या या बायकांना आता बचतीची सवय लागली आहे.’’ टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. एका हातात पनीरचा तुकडा होता आणि डोक्यात तिडीक.

सवय लागली म्हणे! 1991 मध्ये नायजरच्या मराडी भागात केअर या संस्थेने ‘माता मासू दुबारा’ नावाने हे गट उभे केले, ते तिथल्या बायकांच्या जुन्या तोंतिनवर बेतून. हौसा भाषेत ‘माता’ म्हणजे बाया. सगळ्याजणींनी ठरावीक पैसे टाकायचे आणि पाळीपाळीने एकीने उचलायचे, हा त्यांचा रिवाज. घानात त्याला सुसू म्हणतात, केनियात चामा, इथिओपियात इकुब, दक्षिण आफ्रिकेत स्टॉकवेल आणि आमच्या आळीत भिशी. माझ्या आईने बावीस वर्षं भिशी चालवली. तिला सवय लावायला कुणी विमानाने आलं नव्हतं.

पेटीचं श्रेय पेटीला देतो. भिशीत पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. इथे अडलेली बाई गटाकडून कर्ज काढते, व्याज सावकाराच्या घरी न जाता पेटीतच पडतं आणि साधारण वर्षाने सगळा पैसा हिश्शाप्रमाणे वाटला जातो. चोख व्यवस्था आहे. माझं भांडण पेटीशी नाही, ‘सवय’ या शब्दाशी आहे. गरिबी ही सवय ठरवली की बाकीच्या सगळ्यांची सुटका होते. दलालाची होते, कारखानदाराची होते, सरकारची होते, आणि पनीर खाणाऱ्या आमचीही.

अशा गटांतल्या बायका कमावतात कशावर, ते बघा. उत्तर घानात तामलेच्या आसपास शियाची झाडं आहेत. ही कुणी लावलेली नाहीत, शेतात आपसूक वाढतात आणि फळायला पंधरा-वीस वर्षं घेतात. मे ते ऑगस्ट फळं गळतात. बायका पहाटे अंधारात निघतात, मैलोन्‌मैल चालतात, गवतात हात घालतात. गवतात साप असतात. मग बिया उकडा, वाळवा, फोडा, भाजा, दळा, आणि तो चॉकलेटी लगदा पाणी घालून हातांनी मळत बसा, पांढरा लोण्याचा गोळा वर येईपर्यंत. मग तो पुन्हा कढवा. हे बघून ‘यांना उद्यमशीलता शिकवू या’ असं ज्याला सुचतं, त्याने आधी एक तास तो लगदा मळून दाखवावा.

बिया गळतात नेमक्या त्याच महिन्यांत, जेव्हा घरातलं गेल्या वर्षीचं धान्य संपलेलं असतं. पोरं भुकेली, पीक अजून शेतात. त्यामुळे बाई बिया मिळेल त्या भावाला काढून टाकते, आणि भाव चढतो तेव्हा माल व्यापाऱ्याच्या गोदामात असतो. पेटीतलं कर्ज तिला दोन-तीन महिने माल धरून ठेवू देतं. पेटीचा खरा उपयोग हा. सवय-बिवय लावण्याशी त्याचा संबंध नाही. पण वक्त्यांच्या पडद्यावर यातलं काही नव्हतं. बायका हसत होत्या एवढंच होतं.

पुढची गंमत ऐका. निर्यात होणाऱ्या शियाचा मोठा भाग क्रीममध्ये नाही, चॉकलेटात जातो. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या नियमाने चॉकलेटात कोकोबाहेरची वनस्पतिजन्य चरबी पाच टक्क्यांपर्यंत चालते, आणि त्यासाठी सहाच चरब्यांची यादी आहे. त्यात शिया आहे, साल वृक्षाची बी आहे, आंब्याची कोय आहे आणि आमचं कोकम आहे. हो, तेच कोकम, ज्याच्या बिया कुटून, उकळून, वर आलेली चरबी मुठीत वळून माझी आजी मुठेल करायची आणि हिवाळ्यात आमच्या भेगाळलेल्या टाचांना चोळायची. तामलेची बाई आणि मालवणची बाई एकमेकींना ओळखत नाहीत, पण ब्रुसेल्समधल्या कागदावर दोघींची नावं शेजारीशेजारी आहेत. नावं म्हणजे बियांची. बायकांची कशाला असतील?

घरच्या लोशनच्या बाटलीवर बघा, शियाचं शास्त्रीय नाव असेल : ब्युटिरोस्पर्मम पार्की. हा पार्क म्हणजे मुंगो पार्क, अठराव्या शतकाच्या अखेरीस नायजर नदी शोधायला निघालेला स्कॉटिश डॉक्टर. पिढ्यान्‌पिढ्या लोणी काढलं बायांनी, वर्णन लिहिलं त्याने, झाड झालं त्याचं. वनस्पतिशास्त्राने पुढे नाव बदललं, बाटलीवाल्यांनी नाही.

झाडाचं राहू द्या, जमिनीचं बोलू. झाड ज्या शेतात, ते शेत बहुतेक वेळा पुरुषाचं किंवा गावच्या मुखियाच्या अखत्यारीतलं. बाईला वेचण्याचा हक्क आहे, तोही रिवाजाने. उद्या नवऱ्याने कोळशासाठी झाड तोडलं तर तीन कुलपांची पेटी काय करणार?

‘मग थेट परदेशी कंपनीला विका,’ असं कुणी म्हणेल. तेही झालंय. तामलेजवळच्या तुंगतेया संघटनेच्या बायका 1994 पासून द बॉडी शॉपला लोणी विकत आल्या. दलाल गेला, ठरलेलं गिऱ्हाईक आलं, चांगलंच झालं. मग फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटनमधली ती कंपनीच दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. एका गिऱ्हाइकाच्या खुंटीला संसार टांगला की खुंटी कोण ठोकतं, हे विचारायला हवं होतं. सरकारी उपायाचंही तसंच. ऑगस्ट 2025 मध्ये नायजेरियाने शियाच्या कच्च्या बियांच्या निर्यातीवर सहा महिने बंदी घातली. म्हणे प्रक्रिया इथेच होऊ दे. हेतू रास्त आहे. पण गिरण्या उभ्या राहीपर्यंत वेचलेल्या बियांना भाव कोण देणार, याचं उत्तर मंत्र्यांच्या भाषणात नसतं.

अर्थतज्ज्ञ डीन कार्लन आणि सहकाऱ्यांनी घाना, मलावी आणि युगांडात पेटीवाले असे बचतगट तपासले. 2017 मध्ये निष्कर्ष आले. बचत वाढली, कर्ज मिळू लागलं, छोटे धंदे सुधारले, घरात बाईचा शब्द थोडा वजनदार झाला. सरासरी घरखर्चात मात्र फरक दिसला नाही. पहिल्या चार गोष्टी अहवालांच्या मुखपृष्ठावर छापतात, पाचवी तळटीपेत जाते. मला पाचवीचं आश्चर्य वाटत नाही. भाव ठरवणारा व्यापारी तोच, जमीन पुरुषाचीच, तर पेटी भरून ताट कसं भरेल?

जमिनीचा प्रश्न बाईने विचारला तर काय होतं, तेही बघा. केनियात वंगारी माथाई यांनी 1977 पासून खेड्यातल्या बायकांचे गट जमवून रोपवाटिका उभ्या केल्या. जगलेल्या प्रत्येक रोपामागे बाईला थोडे पैसे. तोवर सगळं ठीक होतं. 1989 मध्ये त्यांनी नैरोबीच्या उहुरू पार्कात उभ्या राहणाऱ्या साठ मजली इमारतीला विरोध केला आणि संसदेत त्यांची टिंगल झाली, संस्थेला सरकारी जागेतून बाहेर काढलं. रोपं लावणारी बाई सगळ्यांना आवडते. जमीन कुणाची, असं तिने विचारलं की ती वेडी ठरते. पुढे 2004 मध्ये त्याच बाईला नोबेल मिळालं.

परिसंवादाच्या शेवटी मी उठून विचारलं, ‘‘या बाईला एका पोत्यामागे किती मिळतात?’’ वक्त्यांनी चित्रं मागे नेली, पुढे नेली, पुन्हा मागे नेली. पोत्याचं चित्र नव्हतं. ‘‘तो आमच्या प्रकल्पाचा भाग नाही,’’ ते म्हणाले, आणि सूत्रसंचालिकेने चहा जाहीर केला.