तोतया पहारेकरी



मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला पाहिलाय ना? तट दिसतो, बुरूज दिसतात, पण दरवाजा? होडी अगदी जवळ गेली की मगच तो बुरुजांच्या आड सापडतो. शत्रूला वाटच कळू नये, म्हणून ही युक्ती! पण समजा, शत्रूने तटाला हातही न लावता दरवाज्यावर आपला तोतया पहारेकरी बसवला तर?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेत २०१८ साली असंच झालं. एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेच्या संगणकाला विचारतं, "कार्ड खरं आहे का? खात्यात शिल्लक आहे का?" तिकडून 'हो' आलं की नोटा बाहेर. चोरांनी या वाटेवर आपला प्रोग्रॅम घुसवला. प्रश्न बँकेपर्यंत पोचेचना. मधला तोतयाच 'हो, हो' म्हणत राहिला. ११ ऑगस्टला, शनिवारी, बनावट कार्डांनी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून अडीच कोटी, त्यात घाटावरचं आपलं कोल्हापूरही होतं! सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. सगळे मिळून ९४ कोटी, आणि तिजोरी एकही फुटली नाही.

पैशांचं जे, तेच आजारपणाच्या माहितीचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला. कित्येक दिवस नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. बाहेर रुग्णांची रांग, आणि आत त्यांचे जुने रिपोर्टच दिसत नाहीत! किती हाल झाले असतील, सांगा बरं.

मग पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा? बँकांवर रिझर्व्ह बँकेचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिने नागरी सहकारी बँकांसाठी संगणक-सुरक्षेचे किमान नियम घालून दिले. २०२३ साली संसदेने लोकांची खाजगी माहिती जपण्याचा कायदा केला. माहिती नीट न जपणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

पण एक दरवाजा आपल्याच हातात असतो, बरं का! "आजी, तुमचं कार्ड बंद होणार, मोबाइलवर आलेला नंबर सांगा," असा गोड फोन येतो. तो नंबर, म्हणजे ओटीपी, सांगितला की आपणच तोतयाला आत घेतलं.

आणि चूक झालीच, तर ती लपवू नका. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली केलेल्या नियमाप्रमाणे, ओटीपी आपणच सांगून बसलो तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोष आपला नाही, बँकेचाही नाही, तरी पैसे गेले, तर बँकेचा निरोप आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवायचं. मग आपल्याला भुर्दंड नाही. म्हणून आजीवर कुणी रागावू नका हं, आईबाबांनीसुद्धा! रागाच्या भीतीने माणूस गप्प बसतो, आणि तेवढ्यात चोर पसार होतो.

आज एक काम करा. पासबुकावरून बँकेचा फोन नंबर उतरवा, खाली सायबर मदतीचा १९३० लिहा, आणि कागद आजीच्या फोनजवळ चिकटवा. कराल ना?