पारावरचे टीकाकार

१० जुलै २०१९ रोजी मँचेस्टर येथे विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात न्यूझीलंडने भारतास १८ धावांनी हरविले. ५ धावांत ३ गडी गेले असता धोनीसारखा धीराचा फलंदाज सातव्या क्रमांकापर्यंत का राखून ठेविला, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी केला. त्यावर शहाण्यांचे ठरीव उत्तर असे, की पारावर बसणाऱ्यांस यातले काय कळते! जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यास तरी हे कोणी ऐकवू नये. शर्यतीच्या घाटात कोणता बैल पुढे जुंपावा व कोणता धुरेला, याचा खल करण्यातच त्याची हयात जाते. आणि गाडा मागे पडल्यास केवळ बैलास बोल लावून जुंपणारा सुटत नाही.

धोनी आधी येता तर सामना जिंकताच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच्या ५० व जडेजाच्या ७७ धावांनी विजय हातातोंडाशी आणला होता. प्रश्न करण्यास एवढे कारण पुरे आहे. मुख्य प्रशिक्षक रवि शास्त्री यांनी मागाहून सांगितले, की तो निर्णय सर्व संघाचा होता. ठीक, मग प्रायश्चित्त एकट्यासच का? ऑगस्टमध्ये शास्त्री यांची पुन्हा नेमणूक झाली. पद गेले ते फलंदाजीचे प्रशिक्षक संजय बांगर यांचे! प्रेक्षकाचा तर्क चुकेल, त्याची जीभही सैल सुटेल. पण जेथे निर्णय सर्वांचा म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही, तेथे जाब विचारणारा तोच एक उरतो.