एकरंगी कापडाच्या चुण्या

स्कॉटलंडांतील पुरुषाचा किल्ट सुमारें आठ वार कापडाचा असतो. आपल्या नऊवारीहून वारभरच कमी. चौकटीच्या कापडांत प्रत्येक चुणीस रेघेचा आधार मिळतो. परंतु १८५९ सालीं उभारलेल्या लंडन स्कॉटिश पलटणीनें एकरंगी करडें कापड पसंत केलें. तेथें शिवणाऱ्यास वाट दाखविणारी रेघच नाहीं. शाळेच्या एकरंगी, चुणीदार झग्याचीही अडचण हीच होय.

चुण्या इस्तरीनें सरळ होतात, असा पुष्कळांचा समज आहे. आमचें मत निराळें आहे. राजापूरच्या पावसाळी दमट हवेंत सुती कापडावरील इस्तरीची घडी टिकत नाहीं. टाक्यांनीं धरलेली चुणी मात्र टिकते. म्हणून प्रथम एक सूत ओढून कापडाची आडवी कड सरळ करावी, आणि उभ्या धाग्यास धरून खडूनें रेघा आखाव्या. इंचभर चुणी दिसावयास तीन इंच कापड लागतें. कमरेशीं घेर कमी करणें असल्यास तो सर्व चुण्यांत सारखा वांटावा. कच्चे टाके घालून मगच यंत्रावर शिवावें.

खडू पुसला जातो, कच्चे टाके उसवले जातात. म्हणून ते श्रम व्यर्थ नव्हेत. झगा वांकडा झाल्यावर दुसरें कापड घेणें किती घरांस परवडेल? पालकांनीं हें काम मुलींप्रमाणें मुलांसही शिकवावें, अशी आमची विनंती आहे. जेथें आयती रेघ नसते, तेथें ती स्वतः आखावी लागते.