आयर्लंडमधील बंदूक आणि समाजवाद्यांची कसोटी

उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षाचा विषय निघाला की समाजवादी वर्तुळात अजूनही दोन तट पडतात. साम्राज्यशाहीविरुद्ध उचललेले प्रत्येक शस्त्र आपोआप न्याय्य ठरते, असे मानणारे एका बाजूस; ब्रिटिश सैनिकाची गोळी आणि आयरिश रिपब्लिकनाचा बॉम्ब एकाच तागडीत तोलून दोहोंचा सारखाच निषेध करणारे दुसऱ्या बाजूस. पहिल्या भूमिकेत आवेश आहे, दुसरीत सोय आहे. विचार मात्र दोहोंतही अपुराच आहे. १९९८ च्या करारास पाव शतक उलटून गेले. आयरिश रिपब्लिकन आर्मीने २००५ मध्ये आपली सशस्त्र मोहीम संपल्याचे जाहीर केले आणि १९६९ मध्ये सुरू झालेली ब्रिटिश सैन्याची मोहीम २००७ मध्ये अधिकृतपणे समाप्त झाली. साडेतीन हजारांहून अधिक माणसांचा बळी घेणाऱ्या या संघर्षाचा हिशेब आता तरी शांतपणे मांडला पाहिजे. जेथे जेथे पिळलेल्या जनतेपुढे शस्त्राचा प्रश्न उभा राहतो, तेथे तेथे तो उपयोगी पडणारा आहे.

पहिली गोळी कोणाची?

हा संघर्ष काही १९६९ साली आकाशातून पडला नाही. १९२०-२१ मध्ये ब्रिटिश राज्यकर्त्यांनी आयर्लंडची फाळणी केली. अल्स्टर प्रांताच्या नऊ परगण्यांपैकी सहा तोडून घेण्यात आले आणि तेथे ब्रिटननिष्ठ प्रॉटेस्टंटांचे बहुमत कायम राहील अशा बेताने सीमारेषा आखण्यात आली. फाळणी झाल्यास सीमेच्या दोन्ही बाजूंस प्रतिगामी शक्तींना ऊत येईल आणि कामगार चळवळ दुभंगेल, असा इशारा आयरिश कामगारांचे नेते जेम्स कॉनोली यांनी १९१४ मध्येच दिला होता. तो शब्दशः खरा ठरला. उत्तरेत १९२२ पासून विशेषाधिकार कायदा लागू झाला. खटल्याविना स्थानबद्धता ही राज्यकारभाराची नित्याची रीत बनली. स्थानिक निवडणुकांत मताचा हक्क घरपट्टी भरण्याशी जोडलेला असल्याने सर्व प्रौढांना मत नव्हते. डेरी शहरात कॅथलिकांची बहुसंख्या असूनही वॉर्डांची आखणी अशी होती की नगरपालिका युनियनिस्टांच्याच ताब्यात राहावी. घरांचे वाटप आणि नोकऱ्या यांतला पक्षपात ओघानेच आला.

याविरुद्ध जी चळवळ १९६७ नंतर उभी राहिली तिच्या हातात बंदूक नव्हती. अमेरिकेतील निग्रो जनतेच्या नागरी हक्कांच्या लढ्यापासून स्फूर्ती घेतलेल्या या चळवळीच्या मागण्या साध्या होत्या : प्रत्येकास एक मत, घरांचे न्याय्य वाटप, नोकऱ्यांत समान वागणूक, विशेषाधिकार कायदा रद्द. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीतील मोर्च्यावर पोलिसांनी बेछूट लाठीमार केला. ऑगस्ट १९६९ मध्ये डेरीच्या बोगसाइड वस्तीत आणि बेलफास्टमध्ये आगडोंब उसळला. बेलफास्टमध्ये जाळल्या गेलेल्या कॅथलिक वस्तीतील एका रस्त्याचे नाव बॉम्बे स्ट्रीट, आणि त्याच्या शेजारचा काश्मीर रोड! साम्राज्याच्या मिरवणुकीची नावे त्या रस्त्यांना मिळाली होती. त्यांवर राहणाऱ्या कष्टकऱ्यांच्या वाट्यास साम्राज्याची राखच आली.

अशा वेळी लंडनमधील मजूर पक्षाच्या सरकारने सैन्य पाठवले. कॅथलिक वस्त्यांतील स्त्रियांनी प्रारंभी या सैनिकांना चहा दिला, ही गोष्ट विसरता कामा नये. पोलीस आणि जाळपोळ करणारे जमाव यांच्यापेक्षा सैनिक बरे, असे त्यांना वाटले. हा विश्वास दोन वर्षांत धुळीस मिळवण्याचे काम सैन्याने व सरकारनेच केले. जुलै १९७० मध्ये फॉल्स भागात संचारबंदी लादून घरोघर झडत्या झाल्या. ९ ऑगस्ट १९७१ रोजी पहाटे स्थानबद्धतेचा वरवंटा फिरला आणि पहिल्याच फेरीत ३४२ जणांना उचलण्यात आले. त्याच दिवसांत बॅलीमर्फी वस्तीत दहा जण मारले गेले; ते दहाही जण पूर्णतः निर्दोष होते, हे न्यायालयीन चौकशीने मान्य करण्यास २०२१ साल उजाडावे लागले. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत स्थानबद्धतेविरुद्ध निघालेल्या मोर्च्यावर पॅराशूट रेजिमेंटने गोळीबार केला. तेरा जण जागीच ठार झाले, चौदावा पुढे काही महिन्यांनी मरण पावला. न्यायमूर्ती विजरी यांच्या अहवालाने सैन्यावर पांघरूण घातले. ते २०१० च्या सॅव्हिल अहवालाने दूर केले. पण तोवर अडतीस वर्षे लोटली होती. २०२५ मध्ये एका माजी सैनिकावर अखेर खटला चालला, तोही निर्दोष सुटला.

दोन्ही बाजूंचा निषेध करून मोकळे होणाऱ्यांनी हा घटनाक्रम नीट वाचावा. मोर्चे आधी निघाले, शस्त्रे नंतर आली. शांततेच्या मार्गाने हक्क मागणाऱ्यांना राज्यसंस्थेने लाठीने, मग तुरुंगाने आणि शेवटी गोळीने उत्तर दिले. डेरीच्या त्या रविवारनंतर तरुणांची रीघ रिपब्लिकन आर्मीच्या दाराशी लागली. सैन्यभरतीचे याहून मोठे कार्य रिपब्लिकन प्रचारकांनाही साधले नसते. मूळ जबाबदारी ब्रिटिश सत्तेची आहे, यात संदेहास जागा नाही.

रिपब्लिकनांमधील मतभेद

मात्र मूळ जबाबदारी कोणाची, आणि त्यावरचा उपाय कोणता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. यांपैकी दुसऱ्या प्रश्नावर खुद्द रिपब्लिकनांतच १९६९ च्या डिसेंबरात फूट पडली. ‘ऑफिशियल’ गटाचे म्हणणे असे की, दोन्ही धर्मांच्या कामगारांची एकजूट झाल्याविना आयर्लंड एक होणार नाही. म्हणून नागरी हक्क आणि आर्थिक लढे यांवर भर द्यावा. ‘प्रोव्हिजनल’ गटाने विचारले, वस्त्या जळत असताना त्यांचे रक्षण कोणी करायचे? हा प्रश्न बिनतोड होता, आणि म्हणूनच वस्त्यांतील तरुण प्रोव्हिजनलांकडे गेले. ऑफिशियल गटाच्या हातूनही निरपराधांचे रक्त सांडले. मे १९७२ मध्ये मात्र त्याने शस्त्रसंधी जाहीर केली. प्रोव्हिजनलांनी वस्तीच्या रक्षणापासून प्रारंभ करून ब्रिटनविरुद्ध दीर्घ युद्धाचा मार्ग धरला.

समाजवादी परंपरेत या मतभेदाचे मूळ बरेच जुने आहे. इंग्लंडमधील कामगार वर्ग आयर्लंडवरील वर्चस्वाच्या लोढण्यापासून सुटल्याखेरीज स्वतःही मुक्त होऊ शकणार नाही, हे मार्क्सने १८६९ मध्ये स्पष्टपणे मांडले. पण त्याच मार्क्सने, डिसेंबर १८६७ मध्ये फेनियनांनी लंडनच्या क्लार्कनवेल तुरुंगाची भिंत उडवताना आसपासची गरीब माणसे मारली गेली, तेव्हा या कृत्यास मूर्खपणा म्हटले. आयर्लंडविषयी सहानुभूती बाळगणारे लंडनचे कामगार त्यामुळे शत्रूच्या गोटात ढकलले जातील, हे त्याने ओळखले. पुढे १९१६ च्या ईस्टर उठावाला काही समाजवाद्यांनी मूठभरांचे बंड म्हणून हिणवले, तेव्हा लेनिनने त्यांची कडक शब्दांत हजेरी घेतली. शुद्ध, निर्भेळ क्रांतीची वाट पाहत बसणाऱ्यास क्रांती कधीच दिसणार नाही, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. उठावास पाठिंबा देणे आणि त्याच्या प्रत्येक साधनाची परखड तपासणी करणे, यांत या विचारवंतांना विसंगती वाटली नाही.

शस्त्राने काय साधले?

त्या तपासणीची कसोटी एकच असू शकते : या साधनाने कष्टकरी जनतेची एकजूट व तिचा सहभाग वाढला की घटला?

१९७१-७२ चा हिवाळा पाहावा. स्थानबद्धतेच्या निषेधार्थ हजारो कुटुंबांनी घरभाडे व पट्टी भरण्याचे नाकारले. डेरीच्या हत्याकांडानंतर दक्षिणेतही जनक्षोभाची लाट उसळली. डब्लिनमधील ब्रिटिश वकिलात जमावाने जाळली. मार्च १९७२ मध्ये अर्धशतक टिकलेली युनियनिस्टांची राजवट लंडनला गुंडाळावी लागली. ब्रिटिश सरकार जगापुढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. आणि त्याच वर्षी २१ जुलै रोजी प्रोव्हिजनलांनी बेलफास्टमध्ये तासाभरात वीसेक बॉम्ब उडवले. नऊ जण मेले. आरोपी आणि फिर्यादी यांच्या जागांची अदलाबदल होण्यास ते एक अपराह्न पुरेसे झाले. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दारूगुत्त्यांतील स्फोटांनी एकवीस जणांचे प्राण घेतले; सरकारला दहशतवादविरोधी कायदा काही दिवसांत संमत करून घेता आला, आणि सहा निरपराध आयरिश माणसे सोळा वर्षे तुरुंगात खितपत पडली.

त्याहून खोल जखम कामगार वर्गाच्या ऐक्यास झाली. हे ऐक्य म्हणजे स्वप्नरंजन नव्हे. १९०७ मध्ये बेलफास्टच्या गोदी कामगारांनी जिम लार्किन यांच्या नेतृत्वाखाली धर्मभेद विसरून संप केला होता. ऑक्टोबर १९३२ मध्ये त्याच शहरातील कॅथलिक व प्रॉटेस्टंट बेकार खांद्याला खांदा लावून तुटपुंज्या मदतीविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. राज्यकर्त्यांनी हे ऐक्य दर वेळी मोडून काढले, हे खरे. पण ५ जानेवारी १९७६ रोजी किंग्जमिल येथे जे घडले त्याचे समर्थन कोणत्या समाजवादाने करावे? आदल्या दिवशी लॉयलिस्ट मारेकऱ्यांनी दोन कॅथलिक कुटुंबांवर हल्ला करून सहा जणांचा बळी घेतला होता. त्याचा सूड म्हणून कामावरून घरी परतणाऱ्या कामगारांची गाडी रिपब्लिकन बंदूकधाऱ्यांनी अडवली, त्यांतील कॅथलिक कामगारास बाजूस जाण्यास सांगितले आणि दहा प्रॉटेस्टंट कामगारांस गोळ्या घातल्या. एकाच गाडीतून कामावर जाणारी माणसे धर्म विचारून वेगळी काढली गेली. सरकारी फाळणीने नकाशावर जे केले, तेच येथे रस्त्यावर झाले.

सैनिकाच्या प्रश्नाचाही विचार व्हावा. मारले गेलेले सातशेहून अधिक ब्रिटिश सैनिक बहुतांशी ग्लासगो, लिव्हरपूलसारख्या शहरांतील श्रमिकांचीच मुले होती. सैनिक हुकमाचा ताबेदार असतो; परंतु जनतेचा आवाज बराकीपर्यंत पोचला तर तो हुकूम नाकारूही शकतो. जून १९२० मध्ये जालंधर येथे कॅनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश शिपायांनी, मायदेशी ब्रिटिशांनी चालवलेल्या अत्याचारांच्या वार्ता ऐकून, शस्त्रे खाली ठेवली होती. त्यांचा साथी जेम्स डेली यास त्याच वर्षी नोव्हेंबरात दगशाई येथे गोळ्या घालून मारण्यात आले. भारताच्या भूमीवर घडलेली ही घटना सांगते की, सैन्यात फूट पाडण्याचे सामर्थ्य न्याय्य लढ्यात असते. आडोशास पुरलेल्या सुरुंगाने मात्र सैनिक आपल्या अधिकाऱ्याच्याच अधिक जवळ जातो.

उपोषणाचे बळ

रिपब्लिकन चळवळीस सर्वांत मोठे जनसमर्थन जेव्हा लाभले, तेव्हा तिच्या शिलेदारांच्या हातात शस्त्र नव्हते. राजकीय कैद्याचा दर्जा मिळावा म्हणून १९८१ मध्ये मेझ तुरुंगात दहा तरुणांनी अन्नत्याग करून प्राण वेचले. त्यांतील बॉबी सँड्स उपोषण चालू असतानाच ३०,४९२ मतांनी ब्रिटिश संसदेवर निवडून आले आणि ६६ व्या दिवशी, ५ मे रोजी, मरण पावले. वय अवघे सत्तावीस. अंत्ययात्रेस सुमारे एक लाख लोक लोटले. राज्यसभेत विरोधी सदस्यांनी उभे राहून स्तब्धता पाळली. लाहोरच्या तुरुंगात १९२९ मध्ये ६३ दिवसांच्या उपोषणानंतर प्राण सोडणारे जतीन दास ज्यांना ठाऊक, त्या भारतीयांना हे मरण परके वाटणे शक्यच नव्हते. जतीन दास गेले तेव्हा, ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणाने १९२० मध्ये हुतात्मा झालेल्या टेरेन्स मॅकस्विनी यांच्या कुटुंबीयांनी शोकसंदेश धाडला होता. मार्गारेट थॅचर यांचे सरकार बॉम्बने डगमगले नाही. मतपेटीतून निघालेल्या कैद्याच्या नावाने मात्र ते इतके हादरले की कैद्यांना उमेदवारी नाकारणारा कायदा त्याच वर्षी करण्यात आला.

यावर सशस्त्र मार्गाचे समर्थक विचारतात : बंदुकीचा धाक नसता तर ब्रिटन वाटाघाटींस बसले असते काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे सोपे उत्तर नाही. परंतु १९९८ च्या कराराचे कलमवार वाचन केले तर एक गोष्ट ध्यानात येते. समान हक्क, सत्तेत वाटा, पोलीस दलाची पुनर्रचना, भेदभावास बंदी, हे जे मिळाले ते १९६८ च्या मोर्च्यांच्या मागण्यांशी नाते सांगणारे आहे. ज्यासाठी युद्ध पुकारले होते ते अखंड आयर्लंड मात्र मिळाले नाही. उत्तरेतील बहुमताची संमती असेल तेव्हाच ते होईल, ही अट रिपब्लिकनांनी मान्य केली. सत्तेतील वाट्याची योजना तर डिसेंबर १९७३ मध्येच पुढे आली होती. लॉयलिस्ट कामगारांनी मे १९७४ मध्ये संपाचे हत्यार, कामगारांचे ते पवित्र हत्यार, धार्मिक वर्चस्वासाठी वापरून ती उलथवली, ब्रिटिश सरकारने बघ्याची भूमिका घेतली आणि प्रोव्हिजनलांनाही ती नकोच होती. मधल्या चोवीस वर्षांत जे मेले त्यांचे उत्तरदायित्व या तिघांवरही आहे.

समाजवाद्यांनी यातून घ्यावयाचा बोध असा की, जुलमी सत्तेविरुद्ध उठणाऱ्या जनतेच्या बाजूने निःसंदिग्धपणे उभे राहावे. सत्तेची हिंसा आणि पीडितांचा प्रतिकार यांना एकच नाव देऊ नये. आणि त्याच वेळी, मित्राच्या हातातील शस्त्र कष्टकऱ्यांनाच एकमेकांपासून तोडू लागले तर ते मित्रास स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य दाखवावे. असे न सांगणे ही मैत्री नव्हे. २०२४ मध्ये सिन फेनच्या मिशेल ओनील उत्तर आयर्लंडच्या प्रथम मंत्री झाल्या. कॅथलिकांना कायम सत्तेबाहेर ठेवण्यासाठी आखलेल्या राज्यात हा बदल मतपेटीने घडवला. पण बेलफास्टमध्ये दोन धर्मांच्या कामगारवस्त्यांमधील उंच भिंती अजून उभ्याच आहेत आणि तेथील बहुसंख्य मुले अजूनही वेगवेगळ्या शाळांत जातात. बंदुका थांबल्या, भिंती पाडण्याचे काम उरले आहे. ते १९०७ आणि १९३२ च्या वारसदारांनाच करावे लागेल.